डिकीतला ढोल

शनिवारी रात्री नऊ-साडेनऊला फर्ग्युसन रस्त्याच्या कडेला कॉफीचा कप घेऊन उभे राहा. पाच-दहा मिनिटांत एक तरी गाडी अशी जाते, जी दिसायच्या आधी पोटात कळते. धुप्प... धुप्प... धुप्प! मग नंबर प्लेटची खडखड, मागच्या काचेची थरथर आणि सगळ्यात शेवटी, जमलंच तर, गाणं. ते कुठलं होतं हे विचारू नका. 'झिंगाट' असो, पंजाबी पॉप असो नाहीतर अमेरिकन हिप-हॉप, त्या गाडीत सगळ्यांचा बेस एकाच सुरात. गाणी बदलतात, धुप्प तेच.

गंमत म्हणजे आतल्या माणसानं त्या धुप्पवर अख्खा दिवाळी बोनस घातलेला असतो. आणि त्याला मनातून माहीत असतं, की काहीतरी गंडलंय. हेडफोनवर जे गाणं मऊ, खोल वाटतं, ते गाडीत डोकं उठवतं. मग तो बेसचा नॉब आणखी पिळतो. धुप्प आणखी मोठं होतं. मग अॅम्प बदलायचा विचार, मग सब बदलायचा विचार, मग क्रेडिट कार्डाचा ईएमआय!

थांबा. दोष बहुतेक वेळा सबवूफरचा नसतो, अॅम्पचाही नसतो. दोष असतो त्या काळ्या कार्पेटनं मढवलेल्या खोक्याचा. सब निवडताना आपण पंधरा दिवस घालवतो, चार मित्रांना पिडतो, स्पेसिफिकेशन्स तोंडपाठ करतो. आणि खोकं? दुकानात जे रेडीमेड पडलेलं असेल ते. महिनाभर फिरून पैठणी घ्यायची आणि ब्लाउज मात्र शिंप्याकडे टांगलेला असेल तो घालायचा, त्यातलाच हा प्रकार.

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, दहावीच्या पलीकडे जात नाही. स्पीकरचा कोन पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे एकाच कोनातून दोन लहरी निघतात, एकमेकींच्या बरोबर उलट. नुसता सब टेबलावर ठेवून वाजवलात तर या दोघी कडेनं वळून एकमेकींना भेटतात आणि हिशोब शून्य! इतका मोठा वूफर आणि आवाज ट्रान्झिस्टरचा. खोक्याचं पहिलं काम म्हणजे मागच्या लहरीला कोंडून ठेवणं. दुसरं काम कुणाच्या लक्षात येत नाही. आत कोंडलेली हवा ही स्प्रिंग असते. खोकं लहान असेल तर स्प्रिंग कडक, मोठं असेल तर सैल. एडगर व्हिल्चर या अमेरिकन माणसानं १९५४ मध्ये याच हवेच्या स्प्रिंगवर एआर-१ हा छोटेखानी स्पीकर बाजारात आणला. त्याआधी खोल बेस हवा तर कपाटाएवढं खोकं लागायचं.

हा झाला सील्ड बॉक्स. दुसरा प्रकार भोकाचा, म्हणजे पोर्टेड. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की 'हूऽऽ' येतं ना? बाटलीच्या मानेतली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. दोघी मिळून झोपाळ्यासारख्या ठराविक लयीत हलतात. बाटलीत थोडं पाणी भरलं की पोट लहान होतं, सूर चढतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच हे गणित मांडून ठेवलंय. डिकीतलं पोर्टेड खोकं म्हणजे तीच बाटली, फक्त मोठी. त्या पाइपाची लांबी आणि जाडी, आणि खोक्याच्या पोटातली जागा, या तीन गोष्टींवर तिचा 'हूऽऽ' कुठल्या सुरात येणार ते ठरतं. त्यालाच ट्यूनिंग फ्रिक्वेन्सी म्हणतात. त्या सुराच्या आसपास पाइप सबच्या मदतीला येतो आणि फुकटात आवाज वाढतो. सूर चुकीचा लागला, की मदतनीसच गोंधळ घालतो.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका दोस्ताचंच उदाहरण घ्या. त्याच्या हॅचबॅकमध्ये बारा इंची, चांगल्यापैकी सब होता. खोकं दुकानातून रेडीमेड आलेलं. दोन महिन्यांत पठ्ठ्या वैतागला. बायको पुढच्या सीटवर कानात बोटं घालून बसायची आणि साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या आधीच सगळं बंद करायला लावायची. सब विकायला निघाला होता. म्हटलं, विकण्याआधी टेप घेऊन डिकीत डोकावू या.

खोकं बाहेरून ५५ × ३८ × ३४ सेंटीमीटर. गुणाकार केला तर ७१ लिटर होतात. दुकानदारानं त्याला 'सत्तर लिटरचा बॉक्स' म्हणूनच विकला होता. पण एमडीएफ १८ मिलिमीटरचा. प्रत्येक मापातून दोन्हीकडची जाडी, म्हणजे ३.६ सेंटीमीटर वजा करा. उरतात ५१.४ × ३४.४ × ३०.४, म्हणजे साधारण ५४ लिटर! सतरा लिटर नुसत्या लाकडातच गेले. त्यातून सबचं मॅग्नेट आणि बास्केट आत साधारण तीन लिटर खातं, पाइप एक लिटर. हातात आले जेमतेम ५० लिटर. पाइप दहा सेंटीमीटर व्यासाचा आणि लांबी फक्त १२ सेंटीमीटर. कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली, तर ट्यूनिंग निघालं ५० हर्ट्झ.

पन्नास हर्ट्झला काय बिघडलं? बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झ वाजते. म्हणजे खोक्याच्या सुराच्या खाली. आणि पोर्टेड खोक्याचा स्वभाव असा, की ट्यूनिंगच्या खाली गेलात की आवाज कडेलोट झाल्यासारखा पडतो, दर सप्तकाला २४ डेसिबल. सील्ड खोकं त्याच्या निम्म्या उतारानं, १२ डेसिबलनं उतरतं. वर आणखी एक भानगड. ट्यूनिंगच्या खाली पाइप म्हणजे निव्वळ भोक. हवेची स्प्रिंग गायब. कोन मोकाट सुटतो, खूप हलतो आणि ऐकू काहीच येत नाही. बरेचसे सब असेच मरतात, व्हॉइस कॉइल आपटून आपटून. तेव्हा आमच्या दोस्ताच्या गाडीत पन्नासच्या आसपासचं सगळं फुगून येत होतं आणि त्याखालचं गायब. एकाच सुराचं धुप्प म्हणतात ते हेच.

दुकानात असं खोकं का ठेवतात? माझं मत विचाराल तर डेमोसाठी. पन्नासच्या आसपास ट्यून केलेलं खोकं कमी पॉवरमध्ये जोरात वाजतं. गिऱ्हाईक डिकीपाशी उभं असतं, छातीत धक्का बसतो, कार्ड स्वाइप होतं. एक्स्प्रेस-वेवर दोन तास ते ऐकायचंय, हा विचार त्या दोन मिनिटांत कोण करतो?

मग इलाज काय केला? नवीन सब नाही, नवीन अॅम्प नाही. हार्डवेअरच्या दुकानातून ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणला, प्लंबर ड्रेनेजला वापरतात तो. खोक्याच्या समोरासमोरच्या दोन भिंतींना आतून लाकडी टेकू दिला, कारण रिकाम्या भिंती स्वतःच ढोलासारख्या वाजतात. टेकूनं दोन लिटर खाल्ले, लांब पाइपानं आणखी थोडे. निव्वळ जागा उरली ४५ लिटर. त्यासाठी ३५ हर्ट्झला ट्यून करायला पाइप लागतो ३५ सेंटीमीटरचा. आकडे योगायोगानं जुळले, सूत्र वाटायला नको! सूत्र हवंच असेल तर हे घ्या. पाइपाच्या आतल्या व्यासाचा (सेंटीमीटरमध्ये) वर्ग करा, त्याला २३,५६२ नं गुणा. त्याला ट्यूनिंगच्या वर्गानं भागा, मग निव्वळ लिटरनं भागा. उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा, कारण पाइपाच्या तोंडाबाहेरचीही थोडी हवा पाइपातलीच असल्यासारखी वागते. आली लांबी, सेंटीमीटरमध्ये. गणिताचा कंटाळा असेल तर विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ग्राफसकट सगळं करून देतं.

इथे सुतारांचा जुना शहाणपणा कामी येतो. कापलेलं वाढत नाही! पाइप गणितापेक्षा पाच सेंटीमीटर लांबच ठेवा. पाच सेंटीमीटरनं फरक पडतो अवघा दीड-दोन हर्ट्झचा. चाळीसचा पाइप ठेवलात तर ट्यूनिंग ३३ च्या वर, तीसवर कापलात तर साडेसदतीस. म्हणजे थोडं थोडं कापत, ऐकत पुढे जायला भरपूर वाव असतो. पाइपाचं आतलं तोंड समोरच्या भिंतीपासून निदान पाइपाच्या व्यासाएवढं लांब हवं, नाहीतर हवा कोंडते. बारीक पाइप घेऊन लांबी वाचवायचा मोहही टाळा. सूर तोच लागेल, पण जोरात वाजवलं की पाइपातून 'फस्स फस्स' ऐकू येतं. बारा इंची सबला तीन इंची पाइप म्हणजे ढोल-ताशा पथकाला एकाच खिडकीतून बाहेर काढण्यासारखं आहे. पाइपाच्या दोन्ही तोंडांना कर्ण्यासारखी गोलाई देता आली तर झकासच.

आता महत्त्वाचा प्रश्न. खोकं खरंच ३५ ला ट्यून झालंय हे कळणार कसं? कानावर विसंबायचं नाही. गाडीत बसलं की गाडीचाही आवाज त्यात मिसळतो. यासाठी एक पद्धत आहे, फुकट आणि बिनचूक. मोबाइलवर टोन जनरेटरचं अॅप टाका. डिकी उघडी ठेवा, सबसॉनिक फिल्टर तात्पुरता बंद करा, आवाज अगदी हळू. ७० हर्ट्झपासून सुरू करा आणि एकेक हर्ट्झ खाली या. टॉर्च मारून कोनाकडे बघत राहा. आधी तो हलताना दिसेल, खाली येत जाल तसा हालचाल वाढवेल. आणि मग एका ठिकाणी, आवाज चालू असताना, कोन जवळजवळ स्तब्ध! तिथेच पाइपापाशी टिश्यू पेपर धरा, तो सगळ्यात जोरात फडफडेल. सगळं काम पाइप करतोय, सब नुसता ढकलतोय. तो आकडा म्हणजे तुमचं ट्यूनिंग. आणखी दोन-चार हर्ट्झ खाली गेलात की कोन एकदम वेड्यासारखा हलू लागतो. तिथे लगेच थांबा, बघत बसू नका.

आमच्या दोस्ताच्या डिकीत कोन थांबला ३४ वर. पाइप अजून थोडा लांब होता. दोन सेंटीमीटर कापला आणि झालं. त्याला पहिल्यांदा बेस गिटारचे सूर वर-खाली जाताना ऐकू आले. म्हणजे तेच गाणं, तीच गाडी, तोच सब. खर्च पाइपाचा, सिलिकॉनचा आणि एका रविवारच्या मिसळीचा. सब विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. बायकोची तक्रार मात्र पूर्ण गेली नाही, ती आता गाण्यांच्या निवडीबद्दल आहे!

पण म्हणून सगळ्यांनी पोर्टेडच्या मागे धावायची गरज नाही. तुमच्या सबच्या कागदावर तीन आकडे असतात, जे दुकानात कुणी वाचत नाही. एफएस, म्हणजे सबचा स्वतःचा सूर. व्हीएएस, म्हणजे त्याच्या सस्पेन्शनएवढी स्प्रिंग होईल इतकी हवा. आणि क्यूटीएस, म्हणजे ठोका दिल्यावर तो किती पटकन शांत होतो याचा हिशोब. ही भाषा दिली दोघांनी. नेव्हिल थीलनं १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात भोकाच्या खोक्यांवर पेपर लिहिला, आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉलनं ती पुढे नेली. त्याआधी खोकी अंदाजपंचे बनायची. अल्बर्ट थुरासनं बेस रिफ्लेक्सचं पेटंट १९३२ मध्ये मिळवलं होतं, पण त्याचं नीट गणित हाती यायला तीस-चाळीस वर्षं गेली. आपल्याकडे अनेक ठिकाणी ते अजून आलेलं नाही, तो भाग वेगळा.

समजा, सबचा एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ६० लिटर. याला २० लिटरच्या सील्ड खोक्यात कोंडलात तर सूर चढून ६० हर्ट्झवर जातो आणि एकूण क्यू होतो १. म्हणजे साठच्या वर बेस किंचित फुगतो, ठोका संपल्यावर त्याला जराशी शेपटी राहते. तोच सब ६२ लिटरमध्ये ठेवलात तर सूर ४२ हर्ट्झ आणि क्यू ०.७. हा ०.७ चा आकडा लक्षात ठेवा. उंचवटा न येता सगळ्यात खाली जाणारा सपाट बेस इथे मिळतो. एक ढोबळ ठोकताळाही आहे. एफएसला क्यूईएस या आकड्यानं भागा. उत्तर पन्नासच्या खाली आलं तर सब सील्डचा, शंभराच्या आसपास आलं तर पोर्टेडचा. मधलं आलं तर तुमची मर्जी.

आणि इथे गाडी आपल्या बाजूनं खेळते. ३५ हर्ट्झची लहर जवळजवळ दहा मीटर लांब असते. तुमच्या हॅचबॅकची केबिन अडीच-तीन मीटर. लहर मावतच नाही! काचा बंद असताना कोन अख्ख्या केबिनची हवाच दाबतो आणि सोडतो. त्यामुळे साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली आवाज आपोआप वाढत जातो, तत्त्वतः दर सप्तकाला १२ डेसिबल. आणि सील्ड खोकं त्याच उतारानं पडतं. एक चढतो, दुसरा उतरतो, बेरीज बरीचशी सपाट. प्रत्यक्षात दरवाज्यांच्या फटी, पत्र्याचं हलणं यात थोडं गळतं, पण घरात जो सब थकलेला वाटतो तो गाडीत खोल जातो तो याचमुळे. म्हणूनच जो माणूस जुनी गाणी, गझल, जॅझ, तबला ऐकतो आणि ज्याला डिकीत बॅगाही ठेवायच्या आहेत, त्याला मी डोळे मिटून सील्ड सांगतो. जोर कमी, पण ठोका स्वच्छ. शिवाय सुतार एखादा सेंटीमीटर चुकला तरी माफ. पोर्टेडमध्ये माफी नाही.

खोकं स्वतः करून घेणार असाल तर लाकडाचं बघा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये १८ मिलिमीटरचा एमडीएफ हव्या त्या मापात कापून मिळतो. मुंबई-कोकणातल्या मंडळींनी मात्र मरीन प्लायचा विचार करावा. एमडीएफ पाणी प्यायला की पावासारखा फुगतो, आणि जुलैमध्ये डिकीत ओली छत्री ठेवणार नाही अशी शपथ कोण घेतं? स्क्रूच्या आधी बारीक ड्रिल मारा, नाहीतर एमडीएफ कडेनं फाटतो. सांध्यांना फेविकॉल सढळ हातानं, आतून सिलिकॉन. त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, सब बसवू नका. सबच्या गोंदाला आणि कडेच्या फोमला त्या वाफा सोसतीलच असं नाही. मग गळती तपासा. सब मंद आवाजात ३०-४० हर्ट्झवर वाजवा आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवा. धूर जिथे नाचला तिथे फट. सील्ड खोक्यात उशीत भरतात तो रेक्रॉन सैलसर पिंजून भरला तर खोकं सबला थोडं मोठं असल्यासारखं वाटतं. कोंबायचा नाही. आणि पोर्टेडमध्ये तो पाइपाच्या तोंडाशी येऊ द्यायचा नाही.

आणखी एक. हे खोकं सबसकट वीस किलोच्या आसपास जातं. करकचून ब्रेक लागला तर ते मागच्या सीटवर, म्हणजे सीटवरच्या माणसांवर येतं. डिकीच्या फ्लोअरला पट्ट्यांनी घट्ट बांधा. याला पर्याय नाही. बॅटरीच्या वायरवर फ्यूजही तसाच, बॅटरीपासून वीतभर अंतरात. वायर पत्र्यावर घासली तर आग लागायच्या आधी तो तुटायला हवा. फ्यूज अॅम्पपाशी लावला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो अॅम्पला वाचवेल, गाडीला नाही.

सेटिंग्जचं थोडक्यात. अॅम्पवरचा बेस बूस्ट शून्यावर आणा आणि तिथेच विसरून जा. १२ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या सुराला सोळापट पॉवर, आणि ती तुमच्याकडे नाही, डब्यावर पीएमपीओचे कितीही हजार छापलेले असले तरी. खरा आकडा फक्त आरएमएस. लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. त्याच्या वर गेलात की आवाज डिकीतून येतोय हे कळायला लागतं. पोर्टेडवाल्यांनी सबसॉनिक फिल्टर ट्यूनिंगच्या थोडा खाली लावा. ३५ च्या खोक्याला २८ च्या आसपास, म्हणजे कोन मोकाट सुटणार नाही. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून ८० हर्ट्झचा टोन लावा आणि मित्राला सबच्या वायरी उलट-सुलट जोडायला सांगा, किंवा अॅम्पवर फेजचं बटण असेल तर ते. ज्या बाजूला जास्त भरीव वाजेल ती बरोबर. शेवटी खोकं फिरवून बघा. सबचं तोंड मागे, डिकीच्या दाराकडे, मग पुढे, मग कडेला. हॅचबॅकमध्ये बऱ्याचदा मागे तोंड केलेलं जास्त चांगलं वाजतं, पण गाडीगणिक फरक पडतो. खडखड उरलीच तर ती नंबर प्लेटची. मागे फोमची एक पट्टी चिकटवा, दहा रुपयांत देशकार्य.

आता एक कटू विषय. तुमचा बेस कितीही सुरेल झाला तरी सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना तो धुप्पच असतो. उंच सूर भिंतीत अडतात, बेस अडत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, तीही ए-वेटिंगनं मोजलेली. या मोजणीत ५० हर्ट्झचा सूर प्रत्यक्षापेक्षा तीसेक डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे मीटर गप्प असला तरी आजोबांचं तावदान थरथरत असू शकतं. बेसचा छोटा रिमोट नॉब डॅशबोर्डखाली लावून घ्या आणि गेटमधून आत शिरताना शून्यावर आणा. कानांचंही बघा. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही अमेरिकेतल्या एनआयओएसएचची शिफारस, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास, १०० ला पाव तास. वाकडहून खराडीला जायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो!

राहता राहिले सीएनजीवाले. त्यांचा प्रश्न हमखास येतो, की सिलिंडरनं डिकी खाल्लीय, आम्ही काय करायचं? तुमच्यासाठी आठ इंची सब आणि दहा-बारा लिटरचं सील्ड खोकं, सिलिंडरच्या बाजूच्या कोनाड्यात. किंवा सीटखाली सरकणारा, अॅम्प आतच असलेला चपटा सब. छातीत धक्का बसणार नाही, पण गाण्याला खालून आधार मिळतो आणि ट्रॅफिकमध्ये तेवढं पुष्कळ होतं. फक्त एक पाळा. खोकं सिलिंडरला, त्याच्या पट्ट्यांना किंवा व्हॉल्व्हला टेकता कामा नये आणि टेस्टिंगची प्लेट झाकली जाता कामा नये. आणि फ्लोअरला स्क्रू मारायच्या आधी गाडीखाली वाकून गॅसचा पाइप कुठून गेलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बसवणारा 'होऊन जाईल साहेब' म्हणाला तरी बघा.